व्हायल हातात आल्यावर: सेल लाइन आणि मोनोक्लोनल अँटिबॉडी मागवणाऱ्या ग्राहकांसाठी

पार्सलवर सही करण्याआधी डबा उघडून बघा. सेल लाइनच्या (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या) डब्यात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) शिल्लक असलाच पाहिजे. संपला असेल तर पार्सल परत करा आणि आम्हाला फोन करा. दुसरी व्हायल पाठवू, पैसे घेणार नाही.

पेशी लगेच वाढवायच्या नसतील तर व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. वितळवायची असेल तर 37 अंशांच्या पाण्यात धरून हलवत राहा आणि आत हरभऱ्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा. इथे रेंगाळू नका. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेलं डीएमएसओ पेशी उबेला आल्या की त्यांच्याच जिवावर उठतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्लास्कवर जे नाव लिहिलंय तीच पेशी आत आहे का? 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतून, तिला न विचारता, हीला पेशी घेतल्या गेल्या. त्या इतक्या जोमदार निघाल्या की दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून तिथल्या पेशींना हटवून बसल्या. 1960च्या दशकात स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या 18 सेल लाइन तपासल्या, तर सगळ्यांत हीलाचीच खूण सापडली. एमडीए-एमबी-435 ही लाइन कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती निघाली त्वचेच्या मेलॅनोमाची. एवढं काम चुकीच्या पेशींवर झालं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. म्हणून प्रत्येक व्हायलसोबत एसटीआर डीएनए अहवाल, म्हणजे पेशीची ओळख पटवणारा डीएनएचा ठसा, देतो. तो फाइलला लावून ठेवा आणि प्रबंध लिहायला घेण्याआधी तुमच्या फ्लास्कमधल्या पेशींची एसटीआर तपासणी पुन्हा करून घ्या. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणीही नियमित करा. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मिडियमही (पेशींचं पोषक द्रावण) गढूळ होत नाही, आणि 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो.

अँटिबॉडीबद्दल, म्हणजे ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनाबद्दल, थोडं. अँटिबॉडी बनवणारी बी पेशी फ्लास्कमध्ये फार दिवस जगत नाही. मायलोमाची कर्करोगी पेशी मात्र वाढतच राहते. केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 साली या दोघींचा संकर करून हायब्रिडोमा तयार केला. एकाच पेशीच्या वंशातून आलेली म्हणून ती ‘मोनोक्लोनल’ अँटिबॉडी: सगळे रेणू सारखे, सगळे एकाच खुणेला चिकटणारे. 1998 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध मुळात उंदराच्या अशाच एका अँटिबॉडीतून घडवलं आहे.

आमची हर-2 (काही स्तनाच्या कर्करोगांत पेशीवर भरपूर असणारं प्रथिन) अँटिबॉडी वापरताना एसके-बीआर-3 आणि एमडीए-एमबी-231 या स्तनाच्या कर्करोगाच्या दोन्ही पेशी शेजारी शेजारी लावा. पहिलीत हर-2 भरपूर असतं, दुसरीत जवळजवळ नसतं. दोन्हीकडे सारखाच रंग आला तर नमुन्याचा निकाल धरू नका.

अँटिबॉडी आली की लहान लहान भाग करून उणे 20 अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज यासाठी चालत नाही, कारण तो मधूनमधून उबदार होतो. लेबलवर सोडियम अझाइड लिहिलं असेल तर ती बाटली जिवंत पेशींवर वापरू नका. अझाइड एचआरपी या रंग आणणाऱ्या एन्झाइमलाही बंद पाडतं, त्यामुळे एचआरपीची द्रावणं बनवताना अझाइड टाळा.

कधी कधी रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन येतात: तुमच्याकडे कॅन्सरची अँटिबॉडी स्वस्तात मिळते का? त्यांची तगमग समजते, पण आमचा माल फक्त संशोधनासाठी आहे, तो शरीरात टोचण्याच्या दर्जाचा नाही. अशी कुणी विचारणा केली तर त्यांना कृपया कर्करोगतज्ज्ञांकडेच पाठवा.

ब्लॉटवर (प्रथिन शोधायच्या पटलावर) पट्टी आली नाही, पेशी तळाला चिकटल्या नाहीत, तर दोनच गोष्टी कळवा: लॉट क्रमांक आणि एक फोटो. त्याच लॉटची राखून ठेवलेली व्हायल काढून आम्ही आमच्याकडे तपासतो.