छोट्या शब्दांची चुगली

कागदाची एक लांबच लांब पट्टी घ्यायची. तिच्यावर एकाखाली एक असे शब्द टाइप करायचे, एका ओळीत एकच. मग कात्रीनं प्रत्येक शब्द वेगळा कापायचा, त्या चिठोऱ्या अकारविल्हे लावायच्या आणि मोजायच्या. १९६०च्या आसपास अमेरिकेत फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांचं काम असं सुरू झालं. अशा वेळी कुणी जरा जोरात श्वास सोडला तरी चिठोऱ्यांचं वादळ उठायचं आणि एक कायमचा शत्रू तयार व्हायचा, असं मोस्टेलरनं पुढे गमतीनं लिहून ठेवलंय.

एवढा खटाटोप एका जुन्या भांडणासाठी होता. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८मध्ये ८५ लेख प्रसिद्ध झाले, सगळे ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावानं. लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. पुढे हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारला गेला, मॅडिसन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि कुठला लेख कुणाचा याच्या याद्या एकमेकींशी जुळेनात. बारा लेखांवर दोघांचाही हक्क सांगितला गेला. इतिहासकार दीडशे वर्षं त्यावर वाद घालत राहिले.

मोस्टेलरनं १९४१मध्येच एका सहकाऱ्याबरोबर पहिला प्रयत्न केला होता. वाक्यांची लांबी मोजावी, त्यात फरक दिसेल असा हिशेब. हॅमिल्टनच्या वाक्याची सरासरी निघाली ३४.५५ शब्द आणि मॅडिसनची ३४.५९! दोघंही एकाच वळणाचं भारदस्त इंग्रजी लिहिणारे. तिथं काम थांबलं. मग बऱ्याच वर्षांनी एका इतिहासकारानं मोस्टेलरला सुचवलं की हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो आणि मॅडिसन त्याच अर्थी ‘व्हिल्स्ट’. त्या धाग्यावरून पुढे ‘अपॉन’ सापडला. हॅमिल्टनच्या हजार शब्दांत तो सरासरी तीनदा यायचा. मॅडिसनच्या चार-पाच हजार शब्दांत जेमतेम एकदा. असे तीसेक शब्द एकत्र धरून गणित मांडलं, तर बाराही लेख मॅडिसनच्या पारड्यात पडले. १९६४मध्ये हे काम पुस्तकरूपानं आलं. तोवर मोजणी संगणकाकडे गेली होती.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे की निकाल देणारे शब्द अगदीच किरकोळ होते. स्वातंत्र्य, सेना, कर, न्यायालय यांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही. ते शब्द विषयाचे असतात, करावर लिहिणारा प्रत्येक जण ते वापरणारच. घरात आई आणि काकू एकाच डाळीची, एकाच फोडणीची आमटी करतात, तरी पहिल्या भुरक्यात कळतं आज कुणाचा हात लागलाय. जिन्नस तेच, फरक चिमटीत. लिखाणातली चिमूट म्हणजे पण, तर, मग, की, जणू, अर्थात. हे शब्द लिहिताना आपलं लक्ष नसतं, आणि वाचतानाही नसतं. म्हणूनच नक्कल करणारा लेखकाची वाक्यं उचलतो, विषय उचलतो, पण त्याचे ‘तर’ त्याला तितक्या प्रमाणात उचलता येत नाहीत.

छोट्या शब्दांचं महत्त्व त्याआधी एका इटालियन पाद्र्यालाही कळलं होतं. रॉबर्तो बुसा हे थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या तत्त्वज्ञाच्या लिखाणात ‘उपस्थिती’ची कल्पना शोधत होते. त्या अर्थाचा मोठा शब्द शोधून फारसं हाती लागेना. ती कल्पना दडली होती ‘इन’ या शब्दयोगी अव्ययात: मध्ये, आत. बुसांनी त्या एका अव्ययाची दहा हजार कार्डं हातानं लिहिली. मग १९४९मध्ये ते मदत मागायला थेट आयबीएमच्या प्रमुखांना जाऊन भेटले. त्यातून उभ्या राहिलेल्या शब्दसूचीचे ५६ खंड छापून व्हायला १९८० उजाडलं. साहित्य आणि संगणक यांच्या सोयरिकीची गोष्ट बहुतेक जण इथून सुरू करतात. ती कार्डं यंत्रासाठी छिद्रं पाडून तयार केली ती मुख्यतः तरुण मुलींनी, आणि त्यांची नावं बराच काळ कुणी विचारलीही नाहीत.

आजची पद्धत ऐकायला सोपी आहे. २००२मध्ये जॉन बरोज या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं ‘डेल्टा’ नावाचं माप मांडलं. सगळ्या लेखकांचा मजकूर एकत्र करून त्यातले सर्वाधिक वापराचे शंभर-दीडशे शब्द घ्यायचे. प्रत्येक शब्द एरवी किती कमीजास्त होतो ते पाहायचं. मग हा लेखक त्या शब्दाच्या सरासरीपासून किती सरकलाय ते त्या नेहमीच्या चढउताराच्या मापात मोजायचं, म्हणजे फार वापराचा एखादा शब्द बाकीच्यांना दाबून टाकत नाही. अनोळखी मजकुराचंही तसंच करायचं आणि दोघांतल्या फरकांची सरासरी काढायची. सगळ्यात कमी अंतर ज्याचं, तो सगळ्यात जवळचा.

जवळचा, एवढंच. २०१३मध्ये रॉबर्ट गालब्रेथ या नवख्या लेखकाच्या रहस्यकथेमागे जे. के. रोलिंग असल्याची कुणकुण एका ब्रिटिश वृत्तपत्राला लागली, तेव्हा पॅट्रिक जुओला या अमेरिकी अभ्यासकानं ती कादंबरी चार लेखिकांच्या मजकुराशी ताडून पाहिली. शब्दांची लांबी, शंभर नेहमीचे शब्द, शब्दांच्या जोड्या, चार-चार अक्षरांचे तुकडे अशा चार चाचण्या. कौल रोलिंगकडे झुकला, पण जुओलानं छातीठोक विधान केलं नाही. खात्री पटली ती बाईंनी कबूल केल्यावर. ही ओळख परेड आहे. खरा माणूस रांगेत उभाच नसेल, तरी यंत्र उरलेल्यांपैकी कुणाकडे तरी बोट दाखवणारच.

आता हेच मराठीत करून पाहू. मी उत्साहानं पायथन या संगणकाच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या. मजकुरातले शब्द वेगळे कर, असं सांगणारी नेहमीची आज्ञा दिली, आणि पुढ्यात ‘ज्ञानेश्वर’ आले ते असे: ज, ञ, न, श, वर. पाच शब्द! ‘मराठी’चे झाले ‘मर’ आणि ‘ठ’. कारण कळलं तेव्हा हसू आलं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्या संगणकात साठवायची ठरलेली पद्धत. तिच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीत, ती अक्षरांना लागणारी चिन्हं आहेत. ती आज्ञा फक्त अक्षरं आणि आकडे ओळखते, त्यामुळे काना दिसला की तिला वाटतं शब्द संपला. इंग्रजी शिकवणीतला तयार कोड जसाच्या तसा चिकटवला आणि आलेले आकडे तपासले नाहीत, तर मराठी साहित्यात ‘वर’ फार येतो असा शोध सहज लागेल.

ते दुरुस्त केलं की पुढची खोड निघते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. त्यानंतर शुद्धलेखन. १९६२च्या नियमांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार गेले. त्याआधीचा लेखक ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ लिहायचा, नंतरचा ‘नाही’, ‘काही’, ‘घरात’. १९३०ची आवृत्ती आणि १९७०ची आवृत्ती शेजारी ठेवली की यंत्र लगेच सांगतं, शैली साफ वेगळी. फरक खरा आहे, फक्त तो लेखकाचा नाही. मी माझेच जुने लेख तपासायला घेतले तेव्हा एका नियतकालिकातले लेख उरलेल्यांपासून फटकून बसले. आठवलं, तिथले संपादक प्रत्येक ‘व’चा ‘आणि’ करत. म्हणजे मी संपादकांची शैली मोजत होतो.

तरी ‘व’ आणि ‘आणि’ यांची आठवण सोडवत नाही. हॅमिल्टनचा ‘व्हाइल’ आणि मॅडिसनचा ‘व्हिल्स्ट’, तसे आपल्याकडे आणि, व, नि, अन् असे चार पर्याय एकाच कामाला उभे. पण, परंतु, मात्र. सुद्धा, देखील, ही. निवडायला इतकी मोकळीक असली की सवय उघडी पडतेच.

अडचण दुसरीकडे आहे. बुसांचा ‘इन’ हा सुटा शब्द होता. मराठीत तोच अर्थ एका ‘त’मध्ये येतो आणि तो ‘त’ नामाला चिकटून बसतो. घरात, घराला, घराचा, घरातून, घरापर्यंत, घरातल्यांनीसुद्धा: यंत्राला हे सहा निरनिराळे शब्द, आणि ज्यांच्यासाठी आपण आलो ते छोटे तुकडे शेपटीत लपलेले. मग शेपटी तोडायला जावं, तर ‘भात’ म्हणजे ‘भा’च्या आत नव्हे हे यंत्राला कसं कळावं? ‘मीच’मधला ‘च’ मोजायचा, ‘पाच’, ‘काच’ आणि ‘उंच’मधला सोडायचा. शब्द फोडणारी साधनं मराठीसाठी तयार होत आहेत. आयआयटी मुंबईत मराठीचं शब्दजाल, म्हणजे अर्थानं एकमेकांशी जोडलेल्या शब्दांचा कोश, उभं राहिलं, पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटानं मराठीवर शिकवलेली संगणकी भाषा-प्रारूपं खुली केली. पण आजच्या बातम्यांवर शिकलेल्या साधनापुढे ‘बोलिजे’ किंवा ‘जालें’ टाकलं की ते गांगरतं. जुन्या मजकुरासाठी मला दुसरी वाट बरी वाटते: शब्द फोडायचेच नाहीत, सलग तीन-चार अक्षरांचे तुकडे मोजायचे. जुओलाची एक चाचणी हीच होती. त्यात ‘त’, ‘च’, ‘ला’ यांच्या सवयी न मागता मोजल्या जातात.

पण हत्यार धारदार असून भागत नाही. थॉमस मेंडेनहॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९०१मध्ये शेक्सपिअर आणि त्याचा समकालीन लेखक फ्रान्सिस बेकन यांच्या शब्दांची लांबी मोजून घेतली. शेक्सपिअरकडे चार अक्षरी शब्द सर्वाधिक, बेकनकडे तीन अक्षरी. बेकननंच शेक्सपिअर लिहिला म्हणणाऱ्यांना चपराक बसली असं वाटलं. १९७५मध्ये सी. बी. विल्यम्स यांनी त्याच काळातल्या फिलिप सिडनीचं गद्य आणि पद्य वेगवेगळं मोजलं. गद्यात तीन अक्षरी शब्द जास्त निघाले, पद्यात चार अक्षरी. माणूस एकच! मेंडेनहॉलनं पद्य एका पारड्यात आणि गद्य दुसऱ्यात टाकलं होतं.

हा खड्डा आपल्याही वाटेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावानं ‘सुधारक’मध्ये वाद उभा केला, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर वेगळे आणि अभंग रचणारे वेगळे. भाषेतला फरक हा त्यांचा एक मोठा मुद्दा होता. आज कुणी दोन्ही मजकूर डेल्टाला दिले तर अंतर मोठं येईल यावर मी पैज लावायला तयार आहे, आणि त्या अंतरावरून काहीही सिद्ध होणार नाही यावरही. एकीकडे साडेतीन चरणी ओवीतलं गीतेचं निरूपण, दुसरीकडे गाण्याचा अभंग. शिवाय ग्रंथ पोथ्यांमधून आला आणि अभंग गाणाऱ्यांच्या तोंडून. पिढ्यान्‌पिढ्या गाताना शब्द त्या त्या काळाचे होत गेले. यंत्राला वेगळा लेखक आणि वेगळी तोंडं यांतला फरक कळत नाही. पोथीही काही जशीच्या तशी उतरलेली नाही. एकनाथांनी शके १५०६ला, म्हणजे १५८४मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि भर घालणाऱ्यांना बजावलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नामा आणि इतर नामे मिसळले, तिथंही गुंता असाच आहे. ‘नामा म्हणे’ ही सही तर चाचणीआधीच काढून ठेवावी लागते, नाहीतर यंत्र ती वाचून मोकळं होईल.

मात्र हॅमिल्टन-मॅडिसनसारखा निर्मळ खटला मराठीतही एक आहे, आणि तो खुद्द नाथांच्याच घरातला. परंपरा सांगते, की भावार्थ रामायण एकनाथांच्या हातून युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत झालं आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा यानं पूर्ण केला. पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा हा गावबा मंदबुद्धी मानला जाई, अशी आख्यायिका आहे. ग्रंथ तोच, छंद तोच, कथा तीच, काळही तोच. गद्य-पद्याचा घोळ नाही. आणि ओवीत यमकाला, चरण भरायला घातलेले ‘जाण’, ‘पाहीं’, ‘पैं’, ‘देख’, ‘तंव’ असे भरपूर छोटे शब्द आहेत. असा शब्द कवी अर्थासाठी फारसा निवडत नाही, जिभेवर येतो तो घालतो.

पाचपाचशे ओव्यांची खिडकी करायची आणि ती सुंदरकांडापासून शेवटापर्यंत थोडी थोडी सरकवत न्यायची. प्रत्येक ठिकाणी या शब्दांचं प्रमाण टिपायचं. आधीच्या कांडांत, जिथं हात नाथांचाच आहे, तिथं आलेख आपोआप किती हेलकावतो ते अगोदर पाहून ठेवायचं. मग ४४वा अध्याय ओलांडायचा. तिथं रेघ वळली तर गावबाचा हात दिसेल. नाही वळली, तर एक तर ४४ हा आकडा चुकलाय, नाहीतर त्या पोरानं गुरूचे ‘तंव’सुद्धा उचलले होते. त्याआधी चिकित्सित आवृत्तीवरून अनुस्वारांसकट टाइप केलेली बिनचूक प्रत हवी. मी युद्धकांडाचे पहिले तीन अध्याय टाइप करून झालोय.