यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस वाचत नाही, हा समज किती खरा?

'यकृताला सुरी लागली की माणूस हाती लागत नाही' या समजापायी बरे होऊ शकणारे रुग्णही शस्त्रक्रियेला नकार देतात, हे फार वाईट आहे. 1970 च्या दशकात अशा मोठ्या शस्त्रक्रियांनंतर दहांपैकी एक-दोन रुग्ण दगावत, त्यामुळे ही भीती तेव्हा निराधार नव्हती. मात्र अनुभवी केंद्रांत आज हे प्रमाण साधारणपणे 5 टक्क्यांच्या आत आले आहे.

याउलट 'यकृत पुन्हा वाढते, म्हणून कितीही कापले तरी चालते' हेही चूकच. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही, तर उरलेला भाग काही आठवड्यांत आकाराने वाढतो, आणि तोवर शरीराचे काम भागेल इतके यकृत शिल्लक असावे लागते: निरोगी यकृताचा किमान 20 ते 25 टक्के भाग, सिरोसिस (यकृत व्रण पडून कडक होण्याचा आजार) असल्यास सुमारे 40 टक्के. तेवढे उरणार नसेल, तर काढायच्या बाजूचा पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेतून) होणारा रक्तपुरवठा आधी बंद करून दुसरी बाजू वाढू दिली जाते.

पित्तगळती, रक्तस्राव, जंतुसंसर्ग या गुंतागुंती आजही होतात. बहुतेक पित्तगळती नळीवाटे निचरा केल्यावर थांबतात. खरी धास्ती असते ती यकृत निकामी होण्याची. म्हणूनच पाचव्या दिवशीचे बिलिरुबिन (यकृत नीट काम करत नसेल तर रक्तात साठणारे पिवळे द्रव्य) आणि रक्त गोठण्याची चाचणी डॉक्टर बारकाईने पाहतात, कारण दोन्ही एकाच वेळी बरेच बिघडलेले असतील तर जिवाचा धोका फार वाढतो. डोळे पिवळे दिसत असताना रुग्णाला सारखी गुंगी येऊ लागली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर नातेवाइकांनी ते त्याच क्षणी डॉक्टरांच्या कानावर घालावे.