फ्रॉइंडचं अॅडज्युवंट: कम्प्लीट कधी, इनकम्प्लीट कधी?

सशात अँटिबॉडी तयार करायला घेतली की फ्रिजमध्ये ज्यूल्स फ्रॉइंड यांच्या नावाच्या अॅडज्युवंटच्या, म्हणजे अँटिजेनसोबत (ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी हवी त्या पदार्थासोबत) देऊन प्रतिकारशक्तीला जोर देणाऱ्या मिश्रणाच्या, कम्प्लीट आणि इनकम्प्लीट अशा दोन बाटल्या शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींत तेच पॅराफिन तेल, साधारण 85 टक्के, आणि तेल-पाणी एकत्र धरणारं तेच मॅनाइड मोनोओलिएट, 15 टक्के. कम्प्लीटमध्ये त्याशिवाय उष्णतेने मारून वाळवलेले क्षयाचे जंतू असतात. नेहमी मिळणाऱ्या बाटलीत मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम. ते तळाशी बसतात. बाटली न हलवता वरचं ओढलं, तर सिरिंजमध्ये जवळपास इनकम्प्लीटच येतं.

पहिलं इंजेक्शन कम्प्लीटमध्ये, पुढचे सगळे बूस्टर इनकम्प्लीटमध्ये. अँटिजेन धरून ठेवून हळूहळू सोडायचं काम तेल दोन्हींत करतं. जंतूंच्या भित्तिकेतले घटक प्रतिकारशक्तीला जोराचा धक्का देतात, आणि तो एकदाच पुरतो. तोवर सशाचं शरीर त्या जंतूंविरुद्धही तयार झालेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा कम्प्लीट दिलं की मोठ्या गाठी, गळवं, चिघळलेल्या जखमा होतात. हा त्रास प्राण्याला विनाकारण दिलेला असतो.

इमल्शन (तेलात पाण्याचे बारीक थेंब धरून ठेवलेलं मिश्रण) मात्र दोन्हींचं सारखंच करायचं. अँटिजेनचं द्रावण आणि अॅडज्युवंट समसमान घ्या, काचेच्या दोन ल्युअर-लॉक (पिळून घट्ट बसणाऱ्या तोंडाच्या) सिरिंज स्टॉपकॉकने, म्हणजे छोट्या तोटीने, जोडा आणि मिश्रण घट्ट पांढरं होईपर्यंत इकडून तिकडे ढकला. सुरुवात द्रावण तेलात ढकलून करा. प्लास्टिकच्या सिरिंजचं रबर तेलाने फुगतं आणि दट्ट्या अडकतो. मग एक थेंब थंड पाण्यावर सोडा: गोळी तशीच राहिली तर इमल्शन जमलं, पसरली तर आणखी घुसळा. तरीही जमत नसेल तर अँटिजेनच्या बफरमध्ये (ते ज्यात विरघळवलं आहे त्या द्रावणात) डिटर्जंट आहे का ते आधी बघा.

त्वचेखाली, एकमेकांपासून लांबच्या जागी, प्रत्येकी फार तर 0.1 मिलिलिटर. शिरेत कधीच नाही; तेलाचे थेंब फुप्फुसात अडकतात. बूस्टर 3-4 आठवड्यांनी, रक्त त्यानंतर 7 ते 14 दिवसांनी. पहिल्या इंजेक्शनआधीचं सिरम काढून ठेवलेलं हवंच, नाहीतर ब्लॉटवरचे (अँटिबॉडी कोणत्या प्रथिनांना चिकटते ते पट्ट्यांनी दाखवणाऱ्या चाचणीतले) जादा पट्टे कुठून आले ते सांगता येत नाही.

अँटिजेन क्षयाच्याच जंतूचं असेल तर कम्प्लीट टाळा. जंतूंच्या बाकी प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी त्याच सिरममध्ये येतात आणि चाचणी गढूळ होते.

कम्प्लीट भरताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर तिथे महिनोन्महिने न भरणारी जखम होऊ शकते. चष्मा घाला, सुई ल्युअर-लॉकचीच लावा: घट्ट इमल्शनच्या दाबाने साधी सुई निसटून उडते.