वालाच्या फडक्यातलं विज्ञान: कमला सोहोनी यांच्या कामाची पार्श्वभूमी

अलिबाग-पेणकडे भात कापून झालं की त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपट्या लागतात. शेंगा, ओवा, खडं मीठ, भांबुर्डीचा पाला सगळं मडक्यात कोंबायचं, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. वाळलेले दाणे मग वर्षभर डब्यात राहतात. त्यांचं बिरडं करायचं तर मात्र ऐनवेळी ठरवून चालत नाही. एक रात्र भिजत, दुसरी रात्र फडक्यात घट्ट बांधून मोड आणायला, आणि तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यात टाकून सोलायचे. अंगठ्याने दाबलं की दाणा सालातून सुळकन निसटतो आणि लक्ष नसेल तर थेट ओट्याखाली जातो.

आमची आत्या भिजवलेलं पाणी बिरड्यात कधीच वापरत नसे. ते अळवाच्या आळ्यात जायचं. का, असं विचारलं तर एवढंच, “वाल बाधतात रे.”

वाल का बाधतात याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा १९५५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. लेखक दोन, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आणि के. एस. आंबे. त्यांनी वाल आणि डबल बीन या दोन कडधान्यांतून ट्रिप्सिनला, म्हणजे पोटात प्रथिनं पचवणाऱ्या एका घटकाला, रोखणारी प्रथिनं वेगळी काढून त्यांचे स्फटिक बनवले होते. काम झालं मुंबईत, वाल मनापासून खाणाऱ्या मुलखाच्या उंबऱ्यावर. तरी कमलाबाईंचं नाव निघालं की आपल्याकडे गोष्ट वेगळीच सांगितली जाते, आणि ती सर सी. व्ही. रामन यांच्या दारात सुरू होऊन तिथेच संपते.

ती गोष्ट थोडक्यात अशी. माहेरचं नाव कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. रामन तेव्हा संचालक होते. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई त्यांच्या कचेरीपुढे अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्री काम, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. अपमान उघड आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्या आत जाऊन काय करत होत्या हे कुणी विचारत नाही. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्या दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करत होत्या. म्हणजे वालापर्यंत जाणारी वाट बंगळूरलाच सुरू झाली होती. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली.

पुढे केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याकडे त्यांना बटाटा मिळाला. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम हे रंगद्रव्य पुन्हा उजेडात आणलं होतं. पेशीतल्या श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देणारं हे प्रथिन. ते रंगावरून ओळखता येतं, पण हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग बाकी सगळं झाकून टाकतो. पांढऱ्या बटाट्यात ती अडचण नाही. कमलाबाईंनी दाखवलं की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे, म्हणजे बटाट्याच्या श्वसनाची यंत्रणा आणि आपल्या स्नायूंची यंत्रणा एकाच घडणीची. हे काम १४ महिन्यांत झालं आणि प्रबंध टंकलिखित ४० पानांचा. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. ‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद त्यांना सर्रास लावतात, पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना मिशिगनहून डी.एस्सी. मिळाली ती १९३१ मध्ये. ‘पहिली’ कोण याची आपल्याला फार घाई असते.

केंब्रिजहून परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये विमातज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. त्यांचं खरं काम माझ्या मते इथून पुढचं.

ट्रिप्सिन हे आपल्या स्वादुपिंडात तयार होणारं एन्झाइम. लहान आतड्यात ते प्रथिनांच्या लांब साखळ्या कापतं. कात्रीच्या दोन पात्यांत खडा अडकावा तशी कडधान्यांतली काही प्रथिनं ट्रिप्सिनमध्ये नेमक्या कापायच्या जागी जाऊन बसतात. मग खाल्लेल्या प्रथिनांतला काही भाग न पचता पुढे जातो. शिवाय स्वादुपिंड आणखी एन्झाइम सोडत राहतं, त्यात शरीराचीच सामग्री खर्च होते. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच पाहिलं होतं. त्यामागचा एक दोषी कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात धरला. पण ते झालं सोयाबीनचं, आणि आपल्या ताटात तेव्हा सोयाबीन नव्हतं. आपल्याकडे वाल, पावटे, चवळी, मटकी. परदेशी तक्त्यातला आकडा आपल्या कडधान्याला चिकटवून भागणार नव्हतं.

सोहोनी आणि भांडारकर यांनी १९५४ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवर लेखमाला सुरू केली, पहिला भाग भाज्यांचा. पुढच्याच वर्षी के. एस. आंबे यांच्याबरोबरचे ते वालाचे स्फटिक. स्फटिकाचं महत्त्व असं की पदार्थ पुरेसा शुद्ध असल्याशिवाय तो बनत नाही. ‘वालात काहीतरी आहे’ हे झालं आत्याचं ज्ञान. ते ‘काहीतरी’ बाटलीत एकटं दाखवणं ही पुढची पायरी. उष्णतेपुढे हे रोधक बरेचसे नमतात, मात्र वालासारख्या कडधान्यांतले काही तसे चिवट असतात, म्हणून अर्धवट शिजलेले वाल वाईट. भिजवून मोड आणल्यानेही फरक पडतो, पण तो पूर्ण नाही. खरी मदार चुलीवर.

मला सगळ्यात आवडते ती त्यांची पुढची उडी. १९५६ मध्ये सोहोनी आणि आंबे यांनी प्रश्न उलटा केला: खाणाऱ्याला त्रास देणारं हे प्रथिन वनस्पतीच्या स्वतःच्या चयापचयात काय करतं? वाल काही आपल्या पोटावर डूख धरून बसलेले नसतात. ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की किड्याने कुरतडलं की टोमॅटो आणि बटाट्याच्या पानांत असे रोधक झपाट्याने वाढतात, किड्याला पान पचू नये म्हणून. कमलाबाईंनी वनस्पतिशास्त्र सोडून आहारशास्त्र धरलं असं लिहिलेलं दिसतं. मला ते पटत नाही. बटाट्याचं श्वसन आणि वालाचं पचन हा त्यांच्यासाठी एकच विषय होता, फक्त टेबलाची बाजू बदलली.

आरेच्या दुग्धप्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला, आणि रॉयल इन्स्टिट्यूटच्या संचालकपदी त्या पोहोचल्या, तेही उशिरा. १९६६ मध्ये मुंबईत काही बायकांनी ग्राहकांसाठी संस्था काढली, तिच्यात त्या होत्या आणि तिच्या ‘कीमत’ मासिकात त्या लिहीतही.

कोकण किनाऱ्याला त्यांचं सगळ्यात थेट लागणारं काम नीरेवरचं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने माडी-ताडीच्या धंद्यावर घाला आला. भंडारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम एका रात्रीत गुन्हा ठरलं. त्याच कायद्यात नीरेला मात्र वेगळी व्याख्या मिळाली: आंबू नये अशी व्यवस्था केलेल्या भांड्यात उतरवलेला, न आंबलेला रस. माडाची पोय उमलण्याआधी बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, टोकाला रोज पातळ काप घ्यायचा. फुलाकडे निघालेली साखर मग थेंबथेंब मडक्यात उतरते. मडक्याला आतून चुना लावलेला असला तर रस काही तास गोड राहतो.

हा रस म्हणजे नुसतं साखरपाणी का, हा प्रश्न राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून सोहोनींकडे आला. त्यांच्या प्रयोगशाळेला नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह मिळालं, आणि रस आटवून गूळ केला तरी त्यांतलं बरंच टिकतं असं दिसलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणाही दिसली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

प्रयोगशाळेने नीरेचे गुण सिद्ध केले, पण तिचा स्वभाव कोण बदलणार? हवेतले यीस्ट मडक्यात शिरले आणि ऊन चढलं की साखरेचा अल्कोहोल व्हायला लागतो. कायद्याची नीरा आणि कायद्याची ताडी यांत अंतर तेवढंच, एका सकाळचं. आमच्या वाडीत माडावर चढणारे एक आजोबा होते. खाली उतरल्यावर ते मडक्याला कान लावायचे. आत फसफस ऐकू आली की मडकं बाजूला ठेवायचे, आणि रांगेत पेले घेऊन उभ्या असलेल्या आम्हा पोरांना म्हणायचे, “हे तुमचं नाही. पुढचं येऊ दे.”