मेथीदाण्यातील औषध आणि बाटलीत वाढणारी मेथी

रात्रभर भिजवलेला मेथीदाणा ब्लेडने कापून भिंगाखाली धरला, तर आतील पिवळ्या दलांभोवती काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत थर दिसतो. हा बीचा भ्रूणपोष असून गॅलॅक्टोमॅनन हा पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ त्यातच साठवलेला असतो. मेथीमुळे रक्तातील साखर आटोक्यात राहते असे म्हणतात, त्याचे बरेचसे श्रेय या बुळबुळीतपणालाच द्यावे लागते. कारण त्यामुळे आतड्यातील अन्न दाटसर होते, साखर रक्तात सावकाश उतरते आणि जेवणानंतर ती एकदम वाढत नाही. मेथीची जुडी कितीही पौष्टिक असली, तरी पानांत हा थर नसतो.

दाण्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन हे वेगळेच अमिनो आम्लही असते. रक्तातील ग्लुकोज वाढलेले असताना ते इन्सुलिन स्रवण्यास चालना देते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. मात्र प्रमाणाचे भान ठेवलेले बरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहींना दिवसाला १०० ग्रॅम मेद काढलेली मेथीपूड आहारातून दिली होती. सकाळी गिळलेल्या चमचाभर दाण्यांकडून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा करणे योग्य नाही. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्या प्रमाणात मेथी घेऊ नये, आणि गरोदर स्त्रियांनी तर मुळीच घेऊ नये.

ऊतीसंवर्धनाचा, म्हणजे वनस्पतीचा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवण्याच्या तंत्राचा, संबंध येतो तो मेथीतील दुसऱ्या दोन रसायनांशी: ट्रायगोनेलीन हे अल्कलॉइड आणि डायोस्जेनिन, ज्यापासून स्टेरॉइड संप्रेरके बनवता येतात. निर्जंतुक केलेले बी रुजवून त्याच्या कोवळ्या देठाचा किंवा बीजपत्राचा तुकडा मुराशिगे-स्कूग माध्यमावर ठेवतात. क्षार, जीवनसत्त्वे, साखर आणि अगार यांच्या या मिश्रणात ऑक्सिन व सायटोकायनिन ही वनस्पती-संप्रेरके योग्य प्रमाणात मिसळली, की कापलेल्या कडेवर कॅलस, म्हणजे ना मूळ ना पान अशा पेशींचा ठिसूळ, फिकट गोळा, वाढू लागतो. एखादा बुरशीचा बीजाणू जरी आत शिरला, तरी साखरेवर तो पेशींपेक्षा कितीतरी वेगाने फोफावतो आणि सारी बाटली टाकून द्यावी लागते.

रादवान आणि कोकाटे या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले, की अशा कॅलसमधील ट्रायगोनेलीनचे प्रमाण बियांतल्यापेक्षा तीन ते चार पट असते, आणि द्रव माध्यमात तरंगत वाढणाऱ्या पेशींत ते त्याहूनही अधिक भरते. अवयव नसलेल्या पेशी बहुधा मूळ वनस्पतीची औषधी रसायने बनवण्यात कमी पडतात, म्हणून हा निष्कर्ष मला विशेष वाटतो. डायोस्जेनिनसाठी मात्र संशोधक मुळांकडे वळले. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस या जिवाणूचा संसर्ग घडवला, की वनस्पतीच्या ऊतीतून केसाळ मुळे फुटतात आणि बाहेरून संप्रेरक न देताही ती भराभर वाढतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत आढळणारे कायटोसान मिसळल्यावर, जणू बुरशीचा हल्ला झाला आहे अशा समजुतीने, या मुळांतील डायोस्जेनिन वाढते. तरीही या मुळांतून मिळणारे डायोस्जेनिन सुक्या वजनाच्या एक टक्क्याच्याही अगदी लहान अंशाएवढेच भरते, त्यामुळे शेतातील स्वस्त बियांपुढे बाटलीतील मेथीचा खर्च अजून परवडत नाही.