कवायत : राष्ट्रीय छात्रसेनेतील

हुकूम ऐकून सर्वांनी एकाच क्षणी, ठरलेल्या रीतीने हालचाल करण्याचे लष्करी शिक्षण म्हणजे कवायत. बोलण्यात तिला ‘ड्रिल’ किंवा सरसकट ‘परेड’ म्हणतात. या नोंदीत मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेतल्या, म्हणजे एनसीसीतल्या बिनशस्त्र कवायतीचा विचार केला आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या लाखो मुलामुलींची लष्करी शिस्तीशी पहिली ओळख होते ती इथे, चुन्याने आखलेल्या मैदानावर, सकाळच्या गारव्यात.

‘कवायत’ हा शब्द अरबी ‘कवाइद’वरून आला. ‘कवाइद’ हे ‘कायदा’चे अनेकवचन. मराठीने एकवचन कचेरीला दिले आणि अनेकवचन मैदानाला. आता हे दोन शब्द सख्खे आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

छात्रसेनेच्या तासाला मुलांना सांगतात, की ड्रिल 1666 मध्ये जर्मनीच्या मेजर जनरल ड्राल यांनी सुरू केली. ही माहिती वर्षानुवर्षे वह्यांमधून उतरत आली आहे आणि परीक्षेतही विचारली जाते, पण ती टिकणारी नाही. ‘ड्रिल’ या शब्दाचे मूळ डच आहे आणि तो 1666 च्या कितीतरी आधीपासून वापरात होता. आधुनिक कवायतीचा पायाही नेदरलँड्समध्येच घातला गेला. डच सेनापती नासाऊच्या मॉरिसने 1590 च्या दशकात मस्केट भरून झाडण्याचे काम चाळिसाहून अधिक टप्प्यांत तोडले, प्रत्येक टप्प्याला हुकूम दिला आणि तो सैनिकांकडून पुन:पुन्हा घोटून घेतला. कारण अगदी व्यवहारी होते. बंदूक भरायला वेळ लागे. पुढची रांग बार काढून मागे जाई, तोवर दुसरी रांग तयार हवी, आणि दाटीत उभ्या असलेल्या माणसाच्या हाती जळती वात असताना शेजारी भलतेच काही करू लागला तर अनर्थ ठरलेला. आजच्या कवायतीतली रांग, अंतर आणि एकसाथपणा त्या गरजेतून आला आहे.

मराठी मुलखाला ही विद्या महाग पडून कळली. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी कवायती होत्या, पण बाकी फौज त्यांच्या चालीने लढणारी नव्हती. पुढे महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये युरोपातल्या सॅव्हॉयचा बेन्वा द बॉइन्य याला नोकरीत घेतले आणि त्याच्याकडून पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या. 1790 मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढायांत त्या राजपूत घोडदळाला पुरून उरल्या. ‘कंपू’ हा शब्द त्याच काळात मराठीत रुजला. आज तो टोळक्यासाठी वापरतात, तेव्हा तो कवायती फौजेसाठी होता.

छात्रसेनेची स्थापना जुलै 1948 ची. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली 1946 मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर ती उभी राहिली, आणि मुलींचा विभाग पुढच्याच वर्षी निघाला. कवायतीचा साचा ब्रिटिश भारतीय सैन्याकडून आलेला असला तरी हुकूम हिंदी आहेत: सावधान, विश्राम, आराम से, दाहिने मुड़, बाएँ मुड़, पीछे मुड़, तेज़ चल, थम. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या पीटीच्या तासाला ते मराठी वळणाने घुमतात, आणि ‘दहिने मूड’ ऐकून मराठी माध्यमाचे पहिलीतले मूलही बरोबर वळते.

कवायतीचे खरे मर्म हुकुमाच्या रचनेत आहे. प्रत्येक हुकुमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवलेला, काय करायचे ते सांगणारा: ‘पीऽऽछे’. दुसरा तुटक, कधी करायचे ते सांगणारा: ‘मुड़!’ दोन्हींच्या मध्ये क्षणभराची शांतता असते. नव्या छात्राची कसोटी त्या शांततेत लागते. काय येणार हे त्याला कळलेले असते, अंग अधीर झालेले असते, आणि तरीही हलायचे नसते. पहिल्या आठवड्यात निम्मी रांग ‘मुड़’च्या आधीच वळू लागते. मग उस्तादांचा आवाज येतो, ‘जैसे थे!’, आणि सगळे पुन्हा पहिल्या जागी. कोर्टाच्या बातम्यांतला ‘जैसे थे’ आदेश मराठी माणसाला ठाऊक असतो. मैदानावर तो चुकीची हालचाल मागे घ्यायला लावतो. वळणे, चालणे, सलामी या गोष्टी महिनाभरात कुणालाही येतात. ऐकून घेऊन थांबणे यायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेच शिकवण्यासाठी बाकीचा खटाटोप आहे असे म्हटले तरी चालेल.

शिकवणारे ‘उस्ताद’ म्हणजे सैन्यातून युनिटमध्ये आलेले हवालदार किंवा सुभेदार, ज्यांना कागदोपत्री पीआय स्टाफ म्हणतात. त्यांची पद्धत ठरलेली असते. आधी ते पूर्ण हालचाल स्वतः करून दाखवतात, मग तीच बयानासह तुकड्या पाडून, मग छात्रांकडून ‘गिनती से’ करून घेतात. ‘गिनती से दाहिने मुड़’ म्हटल्यावर उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा पंजा यांवर शरीर नव्वद अंश फिरते, आणि तिथेच थांबते. डाव्या पायाची टाच उचललेली, गुडघे ताठ, तोल सांभाळणे कठीण. उस्ताद रांगेतून फिरून एकेकाचा पाय बघतात. नंतर ‘स्क्वॉड, दो’ म्हटले, की डावा पाय उजव्याशी येऊन मिळतो. अर्धवट स्थितीत असे उभे केल्यामुळेच चूक दिसते. सलग केलेल्या हालचालीत ती लपून जाते.

‘सावधान’ दिसायला सर्वांत सोपे, आणि सर्वांत उशिरा जमणारे. टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये 30 अंशांचा कोन, गुडघे कसलेले, मुठी बंद, अंगठे पुढे आणि पँटच्या शिवणीला लागलेले, छाती वर, नजर समोर. ‘विश्राम’मध्ये डावा पाय 12 इंच बाजूला जातो आणि हात पाठीमागे, डाव्यावर उजवा. विश्राम म्हणजे सैल पडणे, असा समज नवीन मुलांचा असतो. सैल होण्याची मुभा त्यानंतरच्या ‘आराम से’मध्ये मिळते, आणि तीही पाय जागचे न हलवता. छात्रसेनेच्या धड्यात ‘ड्रिल में बुरी हरकतें’ अशी एक यादी आहे: डोळे फिरवणे, उड्या मारत किंवा पाय घासत चालणे, टाचा आपटणे, आणि बुटाच्या आत बोटे हलवणे. शेवटची चूक उस्तादांना कशी कळते, याचे नव्या मुलांना मोठे नवल वाटते. बोटे हलली, की बुटाचे पॉलिश केलेले टोक चमकताना हलते. इतके सोपे आहे.

चालणे शिकवण्याआधी रांग लावतात. ‘लंबा दाहिने, छोटा बाएँ’ या हुकुमावर सगळे उंचीप्रमाणे एका ओळीत येतात, गिनती होते, आणि मग तीन ओळी अशा बनवतात की उंच छात्र दोन्ही टोकांना आणि बुटके मध्ये येतात. लांबून पाहताना तुकडीची वरची कड सलग दिसावी म्हणून ही योजना.

‘तेज़ चल’मध्ये पाऊल नेहमी डावे निघते. एक पाऊल 30 इंचांचे, वेग मिनिटाला मुलांसाठी 120 पावले आणि मुलींसाठी 110. ‘धीरे चल’चा वेग मिनिटाला 70 पावले. त्यात पाय हवेत क्षणभर रेंगाळतो, म्हणून ते तेज़ चलपेक्षा अवघड जाते. ‘थम’चा हुकूम डावा पाय जमिनीवर येत असताना द्यायचा असतो. हुकूम देणारा चुकला तर चांगली तुकडीही विस्कटते, आणि लोक दोष तुकडीला देतात. म्हणून वरच्या वर्गातल्या कॉर्पोरल-सार्जंट छात्रांना हुकूम ‘देण्याचा’ वेगळा सराव करावा लागतो. मैदानाच्या दोन टोकांना उभे राहून ते एकमेकांवर आवाज टाकतात. घशातून ओरडणाऱ्याचा आवाज दोन दिवसांत बसतो, पोटातून आवाज काढणाऱ्याचा टिकतो.

जवळजवळ प्रत्येक तुकडीत एक तरी मूल असे निघते, की चालायला लागले की त्याचा उजवा हात उजव्या पायाबरोबर पुढे जातो. तेच मूल फाटकापासून मैदानापर्यंत अगदी नीट चालत आलेले असते. चालणे जन्मभर आपोआप होत आलेले. हुकुमाने करायचे म्हटल्यावर त्याकडे लक्ष जाते, आणि लक्ष गेले की बिघडते. शेजारची मुले हसतात, त्याचे खांदे आणखी ताठ होतात, हात-पाय आणखी जुळून येतात. अनुभवी उस्ताद अशा वेळी ओरडत नाहीत. ते त्याला रांगेबाहेर घेतात, शेजारी उभे राहतात, ‘हाथ भूल जा, सिर्फ चल’ असे म्हणत वीसेक पावले त्याच्याबरोबर साधेच चालतात, आणि हात आपसूक जागेवर आले की हळूच ‘तेज़’ करतात. शिकवण्याची ही रीत कुठल्या पुस्तकात नाही. ती नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

पाय आपटणे म्हणजे चांगली कवायत, हा गैरसमज शाळांच्या संचलनांत फार पसरला आहे. पाय उचलून नेमका जागेवर आणायचा असतो. तो जागेवर आला, की आवाज एकसाथ येतो, आणि एकसाथ आला म्हणून मोठा वाटतो. सिमेंटच्या पटांगणावर कडक तळव्याचे बूट घालून जीव खाऊन पाय आपटणाऱ्या मुलांच्या नडग्या आणि टाचा दुखू लागतात, आणि हे दुखणे बहुतेक वेळा लपवले जाते.

तीच गोष्ट चक्कर येण्याची. उन्हात बराच वेळ सावधानमध्ये उभे राहिले, की रक्त पायांत साचते. पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात, पण स्नायू हललेच नाहीत तर मेंदूकडे रक्त कमी पोचते आणि उभे मूल सरळ समोर कोसळते. उपाशीपोटी आलेल्या मुलांना हा धोका अधिक. चक्कर येते आहे असे वाटताच खाली बसण्याची परवानगी आधीच सांगून ठेवावी. परेडनंतरचा नाश्ता असतोच. परेडच्या आधी काही खाऊन येणे त्याहून महत्त्वाचे.

छात्रांच्या बोलीतला ‘रगडा’, म्हणजे चुकीबद्दल पळवणे, बेडूकउड्या, कोपरांवर उभे करणे, हा मात्र कवायतीचा भाग नाही. वरच्या वर्गातली मुले तो परंपरेच्या नावाखाली चालवतात. चुकीला मैदानावरचे उत्तर ‘जैसे थे’ हेच आहे: तीच हालचाल पुन्हा, बरोबर होईपर्यंत. भीतीने हललेले शरीर हुकुमाची वाट पाहत नाही, ते हुकुमाच्या आधी दचकते, आणि दचकणारी तुकडी कधीच एकसाथ वळत नाही.

सलामी वेगळ्या तासाला शिकवतात. भूसेनेच्या शाखेत तळहात समोर दिसतो, नौदलात तो खाली वळलेला असतो. वायुसेनेने 2006 मध्ये हात जमिनीशी 45 अंशांवर ठेवण्याची रीत स्वीकारली. तिन्ही शाखांचे छात्र शिबिरात एकत्र आले, की हा फरक लगेच नजरेत भरतो.

या शिक्षणाचे शिखर म्हणजे दिल्लीतले प्रजासत्ताक दिनाचे शिबिर आणि कर्तव्यपथावरचे संचलन. त्यासाठी महाविद्यालय, बटालियन, ग्रुप, संचालनालय अशा चाळण्यांतून निवड होते, आणि महाराष्ट्राच्या तुकडीने तिथे सर्वोत्तम ठरणाऱ्यांना मिळणारा प्रधानमंत्री ध्वज अनेकदा जिंकला आहे. कायम लष्करी पेशाकडे जाणाऱ्यांसाठी पुढचे मैदान खडकवासल्याचे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या नव्या कॅडेटला कवायतीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिथल्या खेत्रपाल परेड मैदानावरून 30 मे 2025 रोजी 17 मुलींची पहिली तुकडी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली.

परेड संपवण्याचे दोन हुकूम आहेत. ‘लाइन तोड़’ म्हणजे थोड्या वेळासाठी मोकळे. परत याच जागी यायचे आहे, म्हणून सलामी नाही. ‘विसर्जन’ म्हणजे दिवसाची परेड संपली. छात्र उजवीकडे वळतात, अधिकारी हजर असतील तर सलामी देतात, आणि रांगेतच पुढे चालत जाऊन मग पांगतात. नवी मुले ‘विसर्जन’ ऐकताच नाश्त्याकडे धावतात. त्यांना परत बोलावून, पुन्हा फॉलिन करून, म्हणजे रांगेत उभे करून, तोच हुकूम पुन्हा दिला जातो.