नगरपरिषदेचा प्रस्ताव मंत्रालयातून परत का येतो?

नवे पदाधिकारी निवडून आले की पंचवीस-तीस मागण्यांचं निवेदन घेऊन मंत्रालय गाठतात. फोटो निघतो, कोपऱ्यात शेरा पडतो, कागद खालच्या टेबलावर येतो आणि तिथेच राहतो. शेरा म्हणजे मंजुरी नव्हे. आमदारांचं शिफारसपत्रही प्रस्तावाची जागा घेत नाही. दोन-तीनच मागण्या निवडा, पण कागद पुरे करून द्या.

आधी मागणीचा प्रकार ठरवा. सहायक अनुदान वाढवा, रिक्त पदं भरा, या धोरणाच्या गोष्टी. त्या इतर नगरपरिषदांना सोबत घेऊन नगरविकास विभागाकडे मांडाव्या. पाणीयोजना, रस्ता, नाट्यगृह यांसाठी मात्र रीतसर प्रस्ताव लागतो. तो मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने, सहसा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत जातो. वॉर्डातल्या मंडळाने थेट अर्ज करून उपयोग नाही.

नगरपरिषदेचा वर्ग नीट लिहा. महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार लोकसंख्या 1 लाखाच्या वर असेल तर ‘अ’, 40 हजारांच्या वर ते 1 लाखापर्यंत ‘ब’, त्याखाली ‘क’. ‘आता आमचं गाव लाखाच्या पुढे गेलंय’ हे खरं असेलही, पण आकडा प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचाच धरतात, म्हणजे अजून 2011 चा. कित्येक योजनांत स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेने स्वतः घालायचा वाटा, वर्गावरच ठरतो, त्यामुळे इथे चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

सर्वांत जास्त अडतं ते ठरावावर. ‘शहरातील विविध विकासकामांसाठी निधी मिळावा, सर्वानुमते मंजूर’ असा ठराव जोडला की त्रुटीचं पत्र आलंच म्हणून समजा. कामाचं नाव, सर्व्हे नंबर, रक्कम, स्वहिस्सा कुठून देणार आणि देखभाल कोण करणार, हे सगळं ठरावातच हवं.

दुसरं जागेचं. विकास आराखड्यात त्या कामासाठी जागेचं आरक्षण आहे म्हणजे जागा ताब्यात आली असं नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून बघा. नाव खासगी मालकाचं किंवा महसूल खात्याचं निघालं, तर आधी तो घोळ निस्तरा, मग अंदाजपत्रकाला हात घाला.

अभियंत्यांची तांत्रिक मान्यता, चालू दरसूचीचं (कामांच्या शासकीय दरांच्या यादीचं) अंदाजपत्रक, नकाशे, काम दुबार नसल्याचा दाखला हे नेहमीचं. मागच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मात्र विसरू नका. जुना अभियंता बदलून गेला, झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका सापडत नाही, म्हणून हे प्रमाणपत्र राहतं आणि त्यापायी नवा निधी अडतो. हे शासनाला कळत नाही असं नाही. पण त्रुटी एका पत्रात कळवायच्या सोडून एकेक करून कळवायची हौस काही जात नाही.

मुदतीचं म्हणाल तर अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो म्हणून फेब्रुवारीत धावू नका; त्याची जुळवाजुळव काही महिने आधीच सुरू झालेली असते. हुकलात तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्यांची) वाट बघा. मंजुरी आली की कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) काढून काम लगेच सुरू करा. आचारसंहिता लागली तर जागेवर प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम, कार्यादेश निघालेला असला तरी, निवडणूक संपेपर्यंत सुरू करता येत नाही.